कामाविना प्रवास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा, इतिहासाचा शिक्षक म्हणून मी एखाद्या चळवळीचा अथवा लेण्याचा परिचय करून देईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. असे लेख मी पूर्वी लिहिले आहेत, पुढेही लिहीन. या वेळी मात्र गेल्या डिसेंबरच्या अखेरीस आम्ही पाच जणांनी नांदेड ते लातूर असा जो सायकलप्रवास केला, त्याविषयी लिहावे असे वाटते. वरवर पाहता विषय हलकाफुलका आहे. तळी, टेकड्या, हरभऱ्याची शेते आणि संथ फिरणारी चाके एवढेच त्याचे भांडवल. परंतु पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसाला सहा दिवस कोणत्याही कामाविना आपल्याच मुलखात हिंडता यावे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. ती का साधी नाही, हे आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नांदेडहून लातूरला एस.टी. साडेतीन तासांत पोहोचते. आम्ही मुद्दाम वाकडी वाट धरली: नांदेड, लोहा, कंधार, जांब, जळकोट, उदगीर, तेथून हत्तीबेट, हाळी-हंडरगुळी, वडवळ, चाकूर आणि शेवटी लातूर. मी आणि आमचे विज्ञानाचे सहकारी असे दोघे शिक्षक, बाकी तिघे माजी विद्यार्थी. त्यांपैकी एक कृषी सहायक आहे, एक स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि एक मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवीत असताना मिळालेल्या सायकलवर ती शाळेत जाऊ लागली, आणि आमच्या पाचांत सर्वांत सफाईदार सायकल तीच चालवते. निघण्यापूर्वी आम्ही तीन नियम ठरवले. सूर्य मावळल्यावर सायकल चालवायची नाही. ज्याला जेथे थांबावेसे वाटेल तेथे सर्वांनी थांबायचे. आणि ‘अजून किती किलोमीटर राहिले’ हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. तिसरा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले.

सायकली साध्याच होत्या. दोघांच्या गिअरच्या, तिघांच्या बिनगिअरच्या. सोबत एक पंप, दोन ट्यूब, पंक्चर काढण्याचे सामान आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी. सीट बरीच खाली ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्वांनाच असते. पायडल खाली गेल्यावर गुडघा जेमतेम वाकलेला राहील इतकी ती उंच केली, तर चढावर गुडघे बोलत नाहीत, हे विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच दिवशी पटवून दिले. सकाळी साडेसहाला निघावे, अकराच्या आत उन्हातून बाहेर पडावे आणि दुपार कोठेतरी झाडाखाली काढावी, असा आमचा क्रम होता. दिवसाला चाळीस किलोमीटर झाले की आम्ही तृप्त असू.

नांदेड सोडल्यावर विष्णुपुरीला गोदावरी अडवून झालेला शंकर सागर जलाशय लागतो. नदीचे पाणी उपसून कालव्यात टाकणारी ही मोठी उपसा सिंचन योजना आहे. त्या सकाळी पाण्यावर धुके होते आणि पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. पुढे लोह्याच्या बाजूला जमीन हळूहळू फुगू लागते. ही बालाघाटाची पूर्वेकडची पसरण. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे, तर उदगीरचे पठार सहाशे मीटरांच्या पुढे आहे. मात्र ही उंची एका घाटात चढावी लागत नाही. ती मैलोन्‌मैल पसरलेली आहे. चढ पायांना कळतो, डोळ्यांना कळत नाही. एक माळ चढून गेलो की पलीकडे काळ्या जमिनीचे खोरे, त्यात तुरीचे पिवळट पट्टे, कोठे ज्वारी, कोठे हरभरा, आणि खोऱ्याच्या तळाशी बहुधा एखादे तळे चमकत असते. मराठवाडा म्हणजे करपलेला प्रदेश, अशी प्रतिमा वृत्तपत्रांनी आणि आपणही तयार केली आहे. पावसाळा बरा झालेल्या वर्षी डिसेंबरात या वाटेने कोणी गेला, तर ती प्रतिमा त्याला अपुरी वाटेल.

या भागातील तळी निसर्गाने दिलेली नाहीत, हे मात्र आरंभीच सांगितले पाहिजे. नैसर्गिक सरोवर या वाटेवर आम्हाला एकही लागले नाही. जे पाणी दिसते ते माणसाने माती टाकून अडवलेले आहे. मन्याड नदीवर लिंबोटीला वरचे आणि बारूळला खालचे धरण आहे. कंधारला तर त्याहून कितीतरी जुना जगत्तुंग समुद्र आहे. तळ्याला समुद्र म्हणण्याची ती ऐट राष्ट्रकूटकाळाची आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. जगत्तुंग हे त्याच घराण्यात पुनःपुन्हा येणारे नाव. म्हणजे आमच्या प्रवासाचा शेवट ज्या गावात व्हायचा, त्या गावाचे नाव मिरवणाऱ्या घराण्याच्या तळ्यावर आमचा पहिला मुक्काम होता. सायंकाळी आम्ही काठावर बसलो. तांबड्या रंगाची लाल कंधारी गुरे पाण्यावर आली होती. या तालुक्याचे नाव देशभर नेणारी ही जात, आणि संध्याकाळच्या उन्हात ती खरोखरच शेंदरासारखी दिसते. स्पर्धा परीक्षेच्या मुलाने विचारले, “सर, हे तळं कोणी बांधलं असा प्रश्न आला तर उत्तर काय लिहायचं?” मी म्हणालो, “राष्ट्रकूट असं लिही. गुण मिळतील.” मग तोच हसला. राजाने आज्ञा दिली असेल. टोपली कोणाच्या डोक्यावर होती, हे प्रश्नपत्रिका विचारत नाही आणि शिलालेखही सांगत नाहीत.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिसऱ्या दिवशी वाटेत भेटले. जळकोटच्या अलीकडे रस्त्यापासून थोडे आत एक पाझर तलाव होता. भरावावर हिवराची आणि बाभळीची झाडे, पलीकडे उघडा माळ, पाण्यात शेकाट्यांची लाल पाय टाकत चाललेली तुकडी. भरावावर एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. तिने आमच्या सायकली पाहिल्या आणि विचारले, “कुठलं गाव? काय काम काढलं इकडं?”

“काम काही नाही, मावशी. फिरायला निघालोत.”

“कामाबिगर?” तिला ते खरे वाटेना. मग परिचारिका असलेल्या आमच्या मुलीकडे पाहून ती म्हणाली, “बसा की मग, बाई. तळं काय पळून चाललंय?”

आम्ही बसलो. बोलता बोलता ती म्हणाली, “हे तळं आमीच खांदलं. बहात्तरच्या दुष्काळात. म्या नवी नवरी होते. ह्या पाळीची माती डोस्क्यावर वाहिली. सुकडी मिळायची, तांबडी मिलू मिळायची. गुत्तेदार लई वरडायचा.” आणि तिने हाताने भरावाचा एक भाग दाखवला, जणू घरातील एखादी कोनाडी दाखवावी. तिथे तिची टोळी होती.

१९७२ चा दुष्काळ आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो. त्या दुष्काळी कामांवर मराठवाड्यातील किती रस्ते, किती पाझर तलाव, किती नाला बांध झाले याचे भान त्या ओळींतून येत नाही. त्या कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. या कामांवर भूमिहीनांची, म्हणजे मोठ्या प्रमाणावर आपल्या माणसांची, आणि त्यातही बायांची संख्या फार असे. माझी आई त्यांच्यातच होती. ती तलावावर नव्हती, रस्त्यावर खडी फोडत होती. मी दोन वर्षांचा होतो आणि लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत असे, हे मी तिच्याकडूनच पुष्कळदा ऐकले आहे. ती खडी ज्या रस्त्यावर पडली तो रस्ता आता डांबरी आहे. आई त्या रस्त्याने आयुष्यभर गेली: सुगीला, बाजाराला, दवाखान्याला. त्याच्या कडेला ती नुसतीच बसली आहे आणि समोरचा माळ पाहते आहे, असे मी कधी पाहिले नाही. बसायला तिला कोणी मना केली नव्हती. तिला वेळ नव्हता, आणि विनाकारण बसलेल्या बाईला गाव कारण विचारी.

आमच्या घरात सायकल आली ती वडिलांच्या काळात. ते सालगडी होते. सालाच्या पैशांतून उचल घेऊन त्यांनी वापरलेली जुनी ॲटलास विकत घेतली. मालकाचे शेत गावापासून लांब होते आणि पहाटे गुरांना चारा घालायला पोहोचायचे तर पायी जाणे जमत नसे. हा सायकलचा आमच्याकडचा पहिला उपयोग. गावात शिरताना मात्र वेशीपाशी ते खाली उतरत आणि बौद्धवाड्यापर्यंत सायकल हाताने धरून नेत. तसे कोणी लिहून दिले नव्हते. ओट्यावर बसलेल्या माणसांपुढून सायकलवर बसून जाणे म्हणजे उद्याचे काम गमावणे, एवढे सर्वांना ठाऊक होते.

दुसरा उपयोग १९७८ च्या पावसाळ्यात झाला. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि पुढे गावोगाव जे घडले ते आपण सर्व जाणतो. आपल्याच जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना त्यात प्राण गमवावे लागले. आमच्या गावात हवा फिरली तेव्हा एका रात्री वडिलांनी मला दांडीवर आणि आईला कॅरिअरवर बसवून आजोळी नेले. डायनॅमोचा दिवा त्यांनी लावला नव्हता. चिखलाच्या वाटेवर ते कितीदा उतरले आणि किती अंतर ढकलत गेले ते मला आठवत नाही. हँडल घट्ट धर, एवढेच वाक्य आठवते.

तिसरा उपयोग माझा. त्याच सायकलवर आधी कैची मारून आणि पुढे सीटवर बसून मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात गेलो. रोज जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. वेशीपाशी मी उतरत नसे. पहिल्यांदा तसा गेलो त्या दिवशी वडील घरी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चेनला तेल घातलेले दिसले.

पोटासाठी, जिवासाठी आणि शिक्षणासाठी सायकल वापरून झाल्यावर चौथा उपयोग उरतो, आणि तो आमच्या पिढीच्या वाट्याला आला आहे: पाहण्यासाठी. आपला समाज प्रवास खूप करतो. नागपूरला, चैत्यभूमीला, भीमा-कोरेगावला आपण जातो, मोर्च्याला जातो, ऊस तोडायला जातो. यांपैकी काही प्रवास अभिमानाचे, काही नाइलाजाचे. पण नुसते फिरायला जाणे हे आपल्याला अजूनही चैन वाटते, किंवा वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या एका स्नेह्यांनी निघताना मला विचारले होते की, या प्रवासात प्रबोधनाचा कार्यक्रम काय आहे. कार्यक्रम नव्हता. वाटेत ज्यांनी आम्हाला बुद्धविहारात उतरू दिले त्यांच्याबरोबर रात्री वंदना झाली, पिठलं-भाकरी झाली, गप्पा झाल्या. त्यापलीकडे आमच्याकडे देण्यासारखे काही नव्हते आणि कोणी मागितलेही नाही.

वाट सर्वत्र सारखी मोकळी होती, असे म्हणून मी कोणाची दिशाभूल करणार नाही. एका गावी चहासाठी थांबलो असता शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी प्रेमाने चौकशी सुरू केली. गाव झाले, नोकरी झाली, मग अपेक्षेप्रमाणे आडनाव आले. मी आडनाव सांगितले. बाकावर शांतता पसरली. ती किती वेळ टिकली ते मी मोजले नाही. तरुणपणी मोजत असे. तेवढ्यात त्यांचा नातू गिअरच्या सायकलपाशी जाऊन ‘ही कडी कशाला’ असे विचारू लागला आणि विज्ञानाच्या सरांनी त्याला मोठे चक्र, छोटे चक्र समजावून सांगितले. नातवाने एक चक्कर मारली. आजोबांनी त्याला हाक मारून परत बोलावले नाही. चहा सर्वांना एकाच प्रकारच्या पेल्यांत आला. या घटनेचा अर्थ काय लावायचा, यावर आमच्यात पुढचे दहा किलोमीटर चर्चा चालली. तरुणांना ती शांतता असह्य वाटली. मला तो नातू अधिक लक्षात राहिला.

उदगीरच्या किल्ल्यात आम्ही एक दुपार काढली. इतिहासाच्या पुस्तकात उदगीर म्हणजे ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि तहात निजामाला इतर ठाण्यांबरोबर दौलताबादचा किल्लाही सोडावा लागला. दौलताबादचे नाव निघाले तेव्हा मी सोबत्यांना दुसरा एक प्रसंग सांगितला, जो खुद्द बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९३४ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, असे ठरले. सुमारे तीस जण निघाले. तेव्हा हा सारा मुलूख पुन्हा निजामाच्या राज्यात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून ते थांबले. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती. दरवाजाबाहेरील लहान तळे काठोकाठ भरले होते, तेथे काहींनी हातपाय-तोंड धुतले. लगेच तळे बाटवल्याचा आरडाओरडा झाला, जमाव चालून आला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि त्यावर लक्ष ठेवायला एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.

महाडचे चवदार तळे आपण सर्व जाणतो. २० मार्च १९२७ ला तेथे बाबासाहेब सत्याग्रहासाठी गेले होते, तयारीनिशी गेले होते. दौलताबादला ते सत्याग्रहाला गेले नव्हते, सहलीला गेले होते, म्हणून हा प्रसंग मला अधिक बोचतो. परदेशातील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळवलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस चार सोबत्यांसह जुना किल्ला पाहायला जातो, आणि त्याच्यामागे पाणी राखणारा शिपाई चालतो. सहल हीसुद्धा नागरिकत्वाची कसोटी असते, ती अशी. ज्याला वाटेवर हवे तेथे थांबता येते, समोरच्या पाण्यात हात बुडवता येतो आणि कोणाला कारण सांगावे लागत नाही, तो त्या मुलखाचा धनी. आमची परिचारिका विद्यार्थिनी हे ऐकून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, आपण तीन दिवसांत किती ठिकाणी पाणी भरून घेतलं?” आम्ही मोजू लागलो. हापसे, हॉटेले, एक शाळा, दोन विहार, एक मशीद, शेतातल्या दोन विहिरी. कोठेच कोणी अडवले नव्हते. त्या यादीपुढे आम्ही पाचही जण थोडा वेळ काही बोललो नाही.

उदगीरहून हत्तीबेटावर गेलो. चहूकडे मोकळे पठार आणि मधोमध ही टेकडी, तिच्या पोटात कोरीव काम. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांना या परिसराचा आसरा होता. वरून देवर्जनचे पाणी दिसते. तेथून आडवाटांनी हाळी-हंडरगुळीला पोहोचलो. जनावरांच्या बाजारासाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि देवणी गुरांचा थाट पाहायचा तर याच भागात यावे. तिरू प्रकल्पाच्या जलाशयावर आम्ही एक पूर्ण सकाळ काढली. काळ्या अंगाचे, कपाळी पांढरा ठिपका असलेले वारकरी पक्षी शेकड्यांनी पोहत होते. दूर चक्रवाकांची जोडी होती. कृषी सहायकाने मोबाइलवर पक्ष्यांची नावे शोधायला सुरुवात केली, पण बाजूच्या कोळ्याच्या पोराला ती न शोधताच येत होती.

त्याच वाटेवर उसाने भरलेले ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून जात. शेतांच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या आणि कोप्यांपुढे शाळेच्या वयाची मुले. त्यांतील एकाने आमच्याबरोबर बरेच अंतर धावत शर्यत लावली. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुले अशाच कोप्यांतून आलेली आहेत. त्यांनीही लहानपणी हे रस्ते, हे माळ पाहिले आहेत, पण उसाच्या मोळ्यांवर बसून, झोपेत, मुक्कामाला पोहोचण्याच्या घाईत. तोच माळ त्यांनी एकदा सायकलवरून, आपल्या मर्जीने थांबत थांबत पाहावा, ही इच्छा मला तेथे प्रथम झाली.

वडवळला वनस्पतींसाठी नावाजलेले बेट पाहून, चाकूरला मुक्काम करून सहाव्या दिवशी लातूर गाठले. ही सारी तळी पाहून लातुरात शिरताना एप्रिल २०१६ आठवल्यावाचून राहत नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. तेव्हा आम्ही वाटेत पाहिलेल्या तळ्यांपैकी कित्येकांच्या तळाला भेगा होत्या. सौम्य दिसणारा हा मुलूख दोन पावसाळ्यांच्या अंतरावर किती कठोर होतो, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. म्हणूनच पाणी असताना ते पाहून घ्यावे, आणि ते कोणी अडवले, कोणाला मिळाले, कोणाला मिळाले नाही, हेही तेथेच बसून विचारावे, असे मला वाटते.

आपल्या परंपरेत असे प्रवास नवे नाहीत. वर्षावासाचे महिने एका जागी आणि बाकीचे वर्ष पायी, हा तथागतांचा क्रम होता. त्या संथ भ्रमणाला चारिका म्हणतात. सुत्तनिपातातील पारायनवग्गात तर आपल्याच गोदातीराची कथा आहे. अश्मक देशात गोदावरीकाठी राहणारा वृद्ध आचार्य बावरी आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाकडे पाठवतो. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, वैशाली असे मुक्काम करीत ते मगधात पोहोचतात आणि प्रत्येक जण स्वतःचा प्रश्न विचारतो. नांदेडजवळ दाभडच्या महाविहाराच्या परिसराला बावरीनगर हे नाव आहे, ते याच आचार्यावरून. त्या कथेत मला एक गोष्ट शिक्षक म्हणून विशेष वाटते. बावरी स्वतः जात नाही, त्याचे वय झालेले असते. तो मुलांना पाठवतो, आणि प्रश्न त्यांचे त्यांच्याजवळच राहू देतो.

माझे वय अजून तितके झालेले नाही, त्यामुळे येत्या डिसेंबरात मीही बरोबर असेन. नववीच्या वर्गातील दहा मुली आणि दहा मुलगे, वाट कंधारपर्यंतचीच, मुक्काम दोन. शाळेच्या शेडमध्ये आज नऊ सायकली चालू स्थितीत आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी सायकल पडून असेल त्यांनी ती आणून द्यावी; पंक्चर असली तरी चालेल, आमचे विज्ञानाचे सर ती मुलांकडूनच दुरुस्त करून घेणार आहेत. प्रत्येक मुलाने जाताना एका तळ्याकाठी निदान अर्धा तास काहीही न करता बसायचे आहे, आणि तेथील एका वडीलधाऱ्या माणसाला विचारायचे आहे की हे तळे कोणी खणले. उत्तरे वहीत लिहून आणायची. त्यांना गुण नाहीत.